पेवाला तोंड एकच

सांगलीतल्या एका महाविद्यालयात जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या तोंडी परीक्षेसाठी बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो असता ‘एन्कॅप्सुलेशन म्हणजे काय?’ या प्रश्नाला बहुतेक विद्यार्थ्यांनी एकच उत्तर दिले: ‘व्हेरिएबल प्रायव्हेट करायचे आणि गेटर-सेटर लिहायचे.’ म्हणजे माहितीचा कप्पा बाहेरच्या कोडपासून लपवायचा आणि तो वाचायला व बदलायला आज्ञा लिहायच्या. त्याने काय साधते, हे मात्र कोणालाही सांगता आले नाही.

कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खोदलेली आहेत. पेवाचे तोंड अरुंद आणि पोट मोठे असते. बंद पेवातला प्राणवायू संपतो, त्यामुळे हळदीला कीड लागत नाही. आणि त्याच कारणाने तोंड उघडल्यावर बराच वेळ गेल्याशिवाय कोणी आत उतरत नाही. आता ‘पेव’ नावाचा क्लास (वस्तूचा साचा) लिहून त्यात ‘क्षमता’ व ‘साठा’ ही प्रायव्हेट फील्ड्स (माहितीचे कप्पे) ठेवली आणि वर ‘सेटसाठा’ ही मेथड (त्या कप्प्यांवर काम करणारी आज्ञा) दिली, तर कोणीही सेटसाठा(-50) लिहून पेवात उणे पन्नास पोती ठेवू शकतो. असे ‘प्रायव्हेट’ दारावरच्या लिंबू-मिरचीइतकेच संरक्षण देते. शिवाय साठा कोणी ‘सेट’ करत नसतो. पोती भरली किंवा काढली, तरच तो बदलतो. म्हणून मेथड्सही ‘भर’ आणि ‘काढ’ याच हव्यात.

खरा आधार आहे तो नियमाचा: साठा शून्याहून कमी नाही आणि क्षमतेहून जास्त नाही. याला इन्व्हेरिअंट म्हणतात. तो सिद्ध करण्याची रीत संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1972 मध्ये मांडली. कन्स्ट्रक्टर, म्हणजे क्लासवरून ऑब्जेक्ट (प्रत्यक्ष वस्तू) घडवणारा भाग, संपताना नियम खरा असावा. प्रत्येक पब्लिक, म्हणजे बाहेरून बोलावता येणारी, मेथड सुरू होताना तो खरा होता असे मानून, ती संपतानाही खराच राहतो हे दाखवावे. मग मेथड्स कोणत्याही क्रमाने, कितीही वेळा बोलावल्या, तरी नियम टिकतो. गणिती विगमनाची (पहिली पायरी खरी आणि प्रत्येक पायरीवरून पुढचीही खरी) हीच युक्ती आहे, आणि फील्डला हात लावण्याची दुसरी वाट नसेल तरच ती चालते. प्रायव्हेट हवे ते यासाठी.

पहिल्या तासाला मी संगणक बंद ठेवून हा नियम मराठीत, एका वाक्यात लिहायला लावतो. ‘भर’मध्ये मुले क्षमता तपासतात, पण साठा 30 असताना भर(-50) केले, तर ती तपासणी निमूट पार पडते आणि साठा -20 होतो. हे नियम लिहिल्यावरच ध्यानात येते. कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात क्लास लिहून देईल, या गाजावाजाने नियम ठरवण्याचे काम काही टळत नाही.

पुढची फट सूक्ष्म आहे. समजा, साठा हा पोती भरल्या-काढल्याच्या पावत्यांच्या बेरजेइतकाच असावा असा दुसरा नियम केला आणि ‘पावत्या’ मेथडने आतली यादीच परत दिली. प्रायव्हेटने फील्डचे नाव लपते, त्यामागचा ऑब्जेक्ट नव्हे. बाहेरचा माणूस ती यादी रिकामी करतो आणि पेवाला पत्ताही लागत नाही. म्हणून मागणाऱ्याला यादीची प्रत द्यावी. मात्र पावती हाही बदलता येणारा ऑब्जेक्ट असेल, तर प्रतीतल्या आणि मूळ यादीतल्या पावत्या त्याच असतात. तेव्हा पावतीलाही सेटर नको.