लेक्टिने आणि बॉम्बे रक्तगट

लेक्टिन हे ठरावीक शर्करेला ओळखून तिला चिकटणारे प्रथिन असून ते मुख्यतः वनस्पतींच्या बियांत सापडते. त्याच्या एका रेणूवर शर्करा धरणाऱ्या एकाहून अधिक जागा असल्याने तो शेजारच्या दोन तांबड्या पेशींना जोडतो आणि पेशींचे गोळे होतात; या क्रियेला समूहन म्हणतात. एरंडीच्या अर्काने असे समूहन होते, हे हेर्मान श्टिलमार्क यांनी १८८८ मध्ये दाखवले. आपल्या रोजच्या जेवणातल्या कुळथातही असे लेक्टिन आहे. योग्य प्रमाणात पातळ केलेला त्याचा अर्क ए रक्तगटाच्या ए१ उपगटातील पेशींचे समूहन करतो, ए२ पेशींचे करत नाही, आणि म्हणून रक्तपेढ्यांत हे दोन उपगट वेगळे ओळखण्यासाठी तो वापरतात.

दुर्मिळ रक्तगटांच्या संदर्भात सर्वांत मोलाचे ठरले ते उलेक्स युरोपियस या पश्चिम युरोपातील पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाचे लेक्टिन. (हे झुडूप निलगिरीतही बाहेरून आणले गेले आणि तेथे माजले.) हे लेक्टिन तांबड्या पेशींवरील एच या प्रतिजनातील (प्रतिजन म्हणजे पेशीचा गट ठरवणारी खूण) फ्युकोज या शर्करेला चिकटते. ए आणि बी हे प्रतिजन एचवरच आणखी एक शर्करा जोडली जाऊन तयार होतात. ओ गटात एच तसाच राहतो, त्यामुळे ओ पेशींचे समूहन जोरदार, तर ए१बी पेशींचे अगदी क्षीण होते.

य. म. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतून वर्णन केलेल्या बॉम्बे रक्तगटात मात्र फ्युकोज जोडणारे विकरच (एन्झाइम) निकामी असते, त्यामुळे पेशींवर एच नसतो. नेहमीच्या तपासणीत असे रक्त ओ भासते. काचपट्टीवर उलेक्सचा थेंब टाकून पेशी मिसळल्यावर शेजारच्या ओ नमुन्यात लाल कण स्पष्ट दिसू लागतात, पण बॉम्बे नमुना एकसारखा तांबडाच राहतो. हा फरक ओळखणे जिवाच्या मोलाचे आहे, कारण या व्यक्तींच्या रक्तरसातील एचविरोधी प्रतिपिंडे शरीराच्या तापमानालाही क्रियाशील असतात आणि ज्या ओ रक्ताला आपण सर्वांना चालणारे मानतो, त्याच्याच पेशी ती फोडतात. म्हणून अशा रुग्णाला बॉम्बे गटाचेच रक्त द्यावे लागते.

पॅरा-बॉम्बे या बॉम्बेशी मिळत्याजुळत्या प्रकारात पेशींवर एच अत्यल्प असतो किंवा नसतो, परंतु अनेकांच्या लाळेत तो उतरतो. तो शोधण्यासाठी उकळून थंड केलेली लाळ उलेक्सच्या अर्कात मिसळून मग त्यात ओ पेशी घालतात. लाळेत एच असल्यास लेक्टिन आधीच त्यात अडकलेले असते आणि पेशी सुट्याच राहतात. खऱ्या बॉम्बे गटाच्या लाळेने लेक्टिन अडत नाही, म्हणून ओ पेशींचे गोळे होतात.