जुन्या मुंबईतले सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत

एकोणिसाव्या शतकातले मराठी कागद किंवा चरित्रे वाचताना ‘सुप्रीम कोर्ट’ आणि ‘सदर अदालत’ ही दोन नावे वारंवार भेटतात. दोन्ही मुंबईचीच, म्हणून पुष्कळ वाचक ती एकाच न्यायालयाची दोन नावे समजतात. शब्दही तसेच आहेत. अर्जातल्या ‘सदर इसमा’चा अर्थ इथे लावायचा नाही, वाड्याची सदर आठवायची. सदर म्हणजे मुख्य. सुप्रीम म्हणजेही सर्वोच्च. मग एकाच शहरात दोन सर्वोच्च न्यायालये कशी?

ती दोन वेगळ्या धन्यांची होती, हे त्याचे उत्तर. सुप्रीम कोर्ट इंग्लंडच्या राजाचे. राजाच्या १८२३ च्या सनदेने ते स्थापन झाले आणि मे १८२४ मध्ये सुरू झाले. त्याआधी मुंबईत मेयर्स कोर्ट आणि १७९८ पासून रेकॉर्डर्स कोर्ट होते, त्याच वंशातले हे पुढचे. सदर अदालत मात्र ईस्ट इंडिया कंपनीची. कंपनीने १८२० मध्ये ती सुरतेला ठेवली होती, त्याच दशकात ती मुंबईला आली. दिवाणी कज्ज्यांसाठी सदर दिवाणी अदालत आणि गुन्ह्यांसाठी सदर फौजदारी अदालत असे तिचे दोन भाग होते. आजच्या दिल्लीतल्या सर्वोच्च न्यायालयाशी त्या सुप्रीम कोर्टाचे नावापलीकडे काही नाते नाही.

धनी वेगळे म्हणून न्यायाधीशही वेगळे. सुप्रीम कोर्टात विलायतेहून नेमून आलेले बॅरिस्टर बसत. मुंबईचा गव्हर्नर त्यांचा वरिष्ठ नव्हता. सदर अदालतीत कंपनीचे मुलकी नोकर बसत. कायद्याचे रीतसर शिक्षण बहुतेकांना नसे, पण मुलखाची आणि भाषेची माहिती असे.

व्यवहारात फरक कसा पडे, ते पाहू. गिरगावातल्या व्यापाऱ्याने गिरगावातल्याच कुळावर कर्जाचा दावा लावला, तर तो सुप्रीम कोर्टाच्या हद्दीत येई. कामकाज इंग्रजीत, पद्धत इंग्लंडची, खर्च भारी. तसाच दावा पुण्यात लागला, तर तो कंपनीच्या मुनसफापुढे किंवा सदर अमिनापुढे, म्हणजे खालच्या देशी न्यायाधीशांपुढे, मराठीत चाले आणि अपिलांच्या पायऱ्या चढत सदर दिवाणी अदालतीपर्यंत जाऊ शके. तिथे १८२७ चे गव्हर्नर एल्फिन्स्टनचे कायदे लागू होते. त्यांचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारी रेग्युलेशने पाहायची. त्यांत काही नसेल तर त्या मुलखाची वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा, आणि शेवटी न्याय व सद्सद्विवेक. म्हणजे वहिवाटीला शास्त्रग्रंथाच्या आधी जागा दिली होती. वारसा आणि करारमदार यांत हिंदू-मुसलमानांना त्यांचा स्वतःचा कायदा लावायचा, हे सुप्रीम कोर्टालाही बांधून दिलेले होते. त्यामुळे ‘तिथे सगळा इंग्रजी कायदा, इथे सगळा देशी’ अशी सरळ वाटणी करता येत नाही.

कंपनीच्या मुलखातल्या माणसाला राजाचे कोर्ट हात लावू शकते का, हा प्रश्न मात्र मोकळाच राहिला होता. तो पेटला १८२८ मध्ये.

पुण्यातल्या एका प्रतिष्ठित घराण्यातला मोरो रघुनाथ हा चौदा वर्षांचा मुलगा त्याचे चुलत आजोबा पांडुरंग रामचंद्र यांनी अडकवून ठेवला आहे, अशी तक्रार सुप्रीम कोर्टात आली. मुलाला कोर्टापुढे हजर करा, असा हेबियस कॉर्पसचा हुकूम कोर्टाने काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो पुण्यात बजावू दिला नाही. पेशवाई बुडून जेमतेम दहा वर्षे झाली होती. राजाच्या कोर्टाचा माणूस दख्खनच्या सरदाराच्या दारात उभा राहिला, तर कंपनीचा वचक आणि सरदारांना दिलेला मान दोन्ही जातील, अशी त्यांना धास्ती होती. मुख्य न्यायाधीश एडवर्ड वेस्ट ऑगस्टमध्ये वारले, दुसरे न्यायाधीश चेंबर्स ऑक्टोबरमध्ये. एकटे उरलेले जॉन पीटर ग्रँट मागे हटले नाहीत. हुकूम पाळला जात नसेल तर कोर्ट चालवण्यात अर्थ नाही, अशी भूमिका घेऊन १ एप्रिल १८२९ रोजी त्यांनी कोर्टच बंद केले. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाकडे, गेले आणि निकाल माल्कमच्या बाजूने लागला: मुंबईच्या हद्दीबाहेरच्या देशी माणसांसाठी सुप्रीम कोर्टाला असा हुकूम काढता येणार नाही.

माल्कमची राजकीय अडचण मला समजते. तरीही या प्रकरणात मन ग्रँटकडेच जाते. कोंडलेला मुलगा मुंबईत असता तर त्याच्यासाठी कोर्टाचे दार उघडे होते. पुण्यात असल्यामुळे ते बंद झाले. गुन्हा केला आहे की नाही, हक्क आहे की नाही, यापेक्षा माणूस खाडीच्या अलीकडे राहतो की पलीकडे, याला वजन आले.

१८६१ च्या कायद्याने ही दुहेरी व्यवस्था मोडली. ऑगस्ट १८६२ मध्ये मुंबई हायकोर्ट सुरू झाले आणि सुप्रीम कोर्ट व दोन्ही सदर अदालती त्यात विलीन झाल्या. न्यायाधीशांपैकी निदान एक तृतीयांश बॅरिस्टर आणि निदान एक तृतीयांश मुलकी नोकर असावेत, अशी अट घातली गेली. दोन्ही घराण्यांना एका छपराखाली नांदवायचे होते ना!

सांधा मात्र दिसत राहिला. शहरातले दावे थेट चालवणारी ‘ओरिजिनल साइड’ सुप्रीम कोर्टाची वारस, आणि जिल्ह्यांतून आलेली अपिले ऐकणारी ‘अपेलेट साइड’ सदर अदालतीची. रखमाबाई मुंबईत राहत होत्या, म्हणून ‘बायकोने नांदायला यावे’ यासाठी त्यांचे पती दादाजी भिकाजींनी त्यांच्यावर लावलेला दावा आधी मुनसफाकडे न जाता थेट हायकोर्टात उभा राहिला आणि १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांच्यापुढे त्याचा पहिला निकाल लागला. आजही ठरावीक रकमेवरचा दिवाणी दावा मुंबईकर थेट हायकोर्टात लावतो, आणि पुणेकराला तो पुण्याच्याच दिवाणी न्यायालयात लावावा लागतो.