जिवाणूंची आंत्रविषे : दाह आणि आतड्यांची हालचाल

आतड्यात वाढणारे किंवा अन्नातून पोटात जाणारे काही जिवाणू विषे तयार करतात. त्यांपैकी जी आतड्याचे अस्तर, चेतातंतू किंवा स्नायू यांवर परिणाम करतात ती येथे आंत्रविषे म्हणून एकत्र घेतली आहेत. पोट बिघडले की जुलाब, मुरडा, आव हे सगळे एकाच दुखण्याचे कमी-अधिक प्रकार मानण्याची आपली सवय आहे. प्रत्यक्षात विष कोणत्या पेशीला धरते यावर बरेच काही ठरते. एखाद्या विषाने आतडे फारसे न सुजता लिटरच्या लिटर पाणी जाते, दुसऱ्याने अस्तर सोलवटून रक्त पडते, तर तिसऱ्याने आतडे जागच्या जागी थंडावते.

पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण पटकीचे, म्हणजे कॉलराचे. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत पटकीच्या साथी वारंवार उठत, आणि मरीआईच्या ठाण्यांशी या रोगाची भीती आजही जोडलेली आहे. जर्मन जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये कोलकात्यात या जिवाणूचा छडा लावला आणि तो विष सोडत असावा असा अंदाजही केला. पण पुरावा मिळायला पाऊणशे वर्षे गेली. तो दिला कोलकात्याचेच संशोधक शंभूनाथ डे यांनी. सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा आणि मधल्या पोकळीत जिवाणूंचे संवर्धन टोचायचे, अशी त्यांची साधी रीत होती. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला असे. 1959 मध्ये त्यांनी जिवाणू गाळून काढलेला नुसता द्रव टोचला, तरी आतडे तसेच फुगले. आधीचे संशोधक विष रक्तात किंवा उदरपोकळीत टोचून पाहत होते. ते जिथे काम करते तिथेच टोचून पाहणे, हे डे यांचे खरे योगदान. त्यांना हयातीत त्या मानाचा सन्मान मिळाला नाही.

या विषाचे पाच घटकांचे कडे अस्तराच्या पेशीला चिकटते आणि सहावा घटक आत शिरतो. तो एका संदेशवाहक प्रथिनाला कायम उद्दीपित ठेवतो. पेशीत सायक्लिक एएमपी हा संदेश पोचवणारा रेणू साचतो, क्लोराइडच्या वाटा उघड्या राहतात, आणि क्लोराइडमागोमाग सोडियम व पाणी आतड्यात येते. रोग तीव्र असेल तर तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते, तेही तांदळाच्या धुवणासारखे, जवळजवळ रक्ताविना. शिवाय हे विष अस्तरातील काही पेशींना सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन सोडायला लावते, त्याने आतड्यातील चेतातंतूंचे जाळे चेतते आणि स्राव आणखी वाढतो. पेशी मात्र मरत नाहीत, आणि ग्लुकोजच्या जोडीने सोडियम शोषणारी त्यांची यंत्रणा शाबूत राहते. मीठ-साखरेचे पाणी पटकीत उपयोगी पडते ते यामुळेच. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी हे पाणी मोठ्या प्रमाणावर वापरले, तेव्हा सुमारे तीस टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांखाली आले.

शिगा विषाची गोष्ट वेगळी. कियोशी शिगा यांनी 1897 च्या जपानमधील साथीत रक्ती आवेचा जिवाणू शोधला. त्याचे विष पेशीतील प्रथिननिर्मितीच बंद पाडते. बारीक रक्तवाहिन्यांची आतली बाजू त्याला विशेष बळी पडते. ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूचे काही प्रकारही हेच विष तयार करतात, आणि त्यांच्या संसर्गात लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होण्याची भीती असते.

दाह (म्हणजे अस्तराला येणारी सूज) आणि आतड्याची हालचाल यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूत. अँटिबायोटिकने आतड्यातील नेहमीचे जिवाणू मेले की हा मोकळ्या जागेत वाढतो. त्याची ए आणि बी ही विषे पेशींचा आतला सांगाडा कोसळवतात. पेशींमधले सांधे सुटतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि मोठ्या आतड्यावर पिवळसर पापुद्रे धरतात. आधी जुलाब लागतात. दाह फारच वाढला तर मोठे आतडे फुगते, त्याचे आकुंचन थांबते आणि जुलाब कमी होतात. घरच्यांना वाटते, उतार पडला. डॉक्टरांच्या लेखी तो धोक्याचा इशारा असतो. लोपेरामाइडसारखी आतड्याची हालचाल मंदावून जुलाब रोखणारी गोळी रक्त पडत असताना किंवा तापात मनाने घेऊ नये, ती याच कारणाने.

आतडे थंडावण्यामागे काही जिवाणूंच्या बाह्यकवचातील अंतर्विषही असते. निरोगी माणसाच्या आतड्यात ते भरपूर असूनही शरीर शांत राहते. अस्तर फाटले किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरला, की स्नायूंच्या थरातील भक्षक पेशी चेततात, नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टाग्लँडिन ही रसायने सोडतात, आणि स्नायूंचे आकुंचन मंदावते.

बोटुलिनम विष दाह न करताच हालचाल रोखते, कारण ते चेतातंतूतून स्नायूकडे जाणारा संदेश तोडते. तान्ह्या बाळात याचे पहिले लक्षण बहुधा बद्धकोष्ठ असते. हे विष तयार करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू (कठीण कवचातील सुप्त रूप) मधात असू शकतात, म्हणून वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवण्याची आपल्याकडची रीत बालरोगतज्ज्ञांना मान्य नाही.

आतड्यात जिवाणू वाढण्याचीही गरज नसते, याला फोडणीचा भात साक्षी आहे. भात शिजला तरी बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू टिकतात. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात ते रुजून विष सोडतात, आणि सकाळच्या फोडणीने ते नष्ट होत नाही. काही तासांत उलट्या सुरू होतात. रात्रीचा भात लगेच फ्रिजमध्ये ठेवलेला असेल तर एवढी चिंता नाही.

संसर्ग गेल्यावरही काही जणांची शौचाची तक्रार महिनोन्‌महिने सुटत नाही. त्यामागे, कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूच्या एका विषाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे (शरीराची बचाव करणारी प्रथिने) आतड्यातील व्हिन्क्युलिन या स्वतःच्याच प्रथिनाला धरतात, अशी एक उपपत्ती आहे. ती सर्वांना पटलेली नाही.

प्रवासात होणाऱ्या जुलाबांमागे पुष्कळदा ई. कोलायचे एक उष्णतेला दाद न देणारे छोटे विष असते. ते अस्तरावरील ज्या ग्राहीला (संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटून पाणी सोडवते, त्याच ग्राहीवर काम करणारे लिनाक्लोटाइड हे औषध 2012 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते जुन्या बद्धकोष्ठावर देतात.