कारण न सांगितलेली पदके

सप्टेंबर १९४३ मध्ये लंडनच्या राजपत्रात ब्रिटिश विनाशिका ‘पेटार्ड’वरच्या तिघांची नावे छापून आली. लेफ्टनंट अँथनी फॅसन आणि खलाशी कॉलिन ग्रेझियर यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस, आणि जहाजाच्या कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या टॉमी ब्राउनला जॉर्ज मेडल. कशाबद्दल? धोक्याला तोंड देताना दाखवलेले धैर्य आणि कर्तव्यनिष्ठा याबद्दल. एवढेच. धोका कसला होता, याचा पत्ता नाही. पदकाबरोबरचा मजकूर मोघम असणे नवे नाही, पण इथे तो मुद्दाम मोघम ठेवला होता. खरी हकिकत बाहेर यायला पुढची तीसेक वर्षे लागली.

ती घडली ३० ऑक्टोबर १९४२ च्या रात्री, पूर्व भूमध्य समुद्रात, इजिप्तच्या किनाऱ्यापासून बरीच उत्तरेला. यू-५५९ ही जर्मन पाणबुडी विमानातून दिसली आणि पाच विनाशिका तिच्या मागावर निघाल्या. ही तीच पाणबुडी, जिने वर्षभरापूर्वी ऑस्ट्रेलियाची ‘पॅरामाटा’ ही युद्धनौका बुडवली होती. तासन्‌तास डेप्थ चार्जचा, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बाँबचा, मारा सहन केल्यावर रात्री साडेदहानंतर तिला पृष्ठभागावर यावेच लागले. जर्मन खलाशांनी घाईघाईने समुद्रात उड्या टाकल्या. पाणबुडी बुडणार हे त्यांनी गृहीत धरले असावे, कारण आतले गुप्त कागद नष्ट न करताच ते बाहेर पडले. ही चूक फार महागात पडणार होती.

फॅसन आणि ग्रेझियर अंगावरचे कपडे उतरवून अंधारात पोहत पाणबुडीकडे गेले. पाठोपाठ टॉमीही पोहोचला. आतले दिवे गेलेले, गोळ्यांनी पडलेल्या भोकांतून पाणी आत येतेय, आणि फॅसन टॉर्चच्या उजेडात कपाटे फोडतोय. दोघे खालून पुस्तके आणि कागद वर देत होते, टॉमी ते घेऊन शिडी चढत होता आणि बाजूला लागलेल्या नावेत पोहोचवत होता. अशा तीन खेपा झाल्या. काही कागदांवरची शाई पाण्यात विरघळणारी होती, म्हणजे ते कोरडे ठेवणे हाच निम्मा पराक्रम. खालचे दोघे आता भिंतीला बसवलेले एक यंत्र सोडवण्याच्या खटपटीत होते. पाणी वाढू लागले तशी टॉमीने वरून दोनदा हाक मारली, वर या म्हणून. ते शिडीकडे वळतही होते. पण तेवढ्यात पाणबुडी एकदम खाली गेली. टॉमी वाचला, फॅसन आणि ग्रेझियर तिच्याबरोबर गेले. फॅसन २९ वर्षांचा होता, ग्रेझियर २२ वर्षांचा, आणि त्याचे लग्न होऊन जेमतेम काही महिने झाले होते.

त्या कागदांत काय होते हे समजल्याशिवाय या पदकांचे वजन कळत नाही. जर्मन नौदल आपले संदेश एनिग्मा यंत्राने, म्हणजे फिरत्या चक्रांनी अक्षरे बदलणाऱ्या यंत्राने, सांकेतिक करत असे. १ फेब्रुवारी १९४२ पासून अटलांटिकमधल्या पाणबुड्यांसाठी त्यांनी चार चक्रांचे नवे यंत्र वापरात आणले आणि ब्लेचली पार्कमध्ये बसून सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या ब्रिटिश तज्ज्ञांना त्यांचे एका रात्रीत काहीच वाचता येईना. दहा महिने हा अंधार टिकला. पाणबुड्या कुठे दबा धरून बसल्यात हे कळत नसल्याने मालवाहू जहाजांच्या ताफ्यांना वाट बदलून नेणे अवघड झाले. एकट्या नोव्हेंबरात पाणबुड्यांनी शंभराहून अधिक जहाजे बुडवली.

यू-५५९ मधून मिळालेल्या दोन पुस्तिका, एक थोडक्यात संदेश पाठवण्याची आणि दुसरी हवामानाच्या नोंदी सांकेतिक करण्याची, २४ नोव्हेंबरला ब्लेचलीत पोहोचल्या. हवामानाचे संदेश किनाऱ्यावरच्या जुन्या, तीन चक्रांच्या यंत्रांनाही समजावेत म्हणून पाणबुड्या ते पाठवताना चौथे चक्र निष्क्रिय ठेवत. म्हणजे चौथ्या चक्राच्या २६ स्थितींमुळे वाढलेले काम एका फटक्यात बाजूला पडले. संदेशाचा मूळ मजकूर काय असणार याचा अंदाज पुस्तिकेवरून करता येई, त्यावरून त्या दिवसाची तीन चक्रांची मांडणी सापडे, आणि मग बाकीच्या संदेशांसाठी चौथ्याच्या फक्त २६ स्थिती तपासायच्या राहत. १३ डिसेंबरला कुलूप उघडले. गणितज्ञांचे श्रेय कमी करायचा हेतू नाही, पण त्यांच्या हाती ही पुस्तिका नसती तर तो हिवाळा कसा गेला असता याचा विचार करून पाहावा.

आता पदकांचा प्रश्न. एवढे करूनही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचे युद्धातले सर्वोच्च शौर्यपदक, का नाही? त्यासाठी शत्रूसमोर दाखवलेले शौर्य लागते, आणि शत्रू तर पाणबुडी सोडून गेला होता, असे त्याचे अधिकृत उत्तर. आपल्याकडे परमवीर चक्र आणि अशोक चक्र यांत जो भेद आहे, साधारण तसाच हा. जॉर्ज क्रॉस राजे सहावे जॉर्ज यांनी सप्टेंबर १९४० मध्ये सुरू केला. त्याचा मान व्हिक्टोरिया क्रॉसच्या बरोबरीचा, त्यामुळे कोणाला कमी लेखले असे म्हणता येत नाही. तरीही तर्क ओढूनताणून केलेला वाटतो. शत्रूची पाणबुडी, युद्धाची रात्र, आणि तरी ‘शत्रूसमोर’ नाही! व्हिक्टोरिया क्रॉस दिला असता तर जर्मनांना शंका आली असती, असेही सांगितले जाते.

टॉमीची गोष्ट आणखी वेगळी. चौकशीत त्याची साक्ष झाली तेव्हा उघड झाले की तो अवघा १६ वर्षांचा आहे; वय वाढवून सांगून तो जहाजावर आला होता. तो नौदलाचा खलाशीही नव्हता, सैन्यदलांची कॅन्टीन चालवणाऱ्या नाफी या संस्थेचा नागरी नोकर होता. चहा, साबण, सिगारेटी विकणे हे त्याचे काम. पाणबुडीत उतरायला त्याला कोणी सांगितले नसते आणि न उतरल्याबद्दल कोणी बोलही लावला नसता.

पुढे ‘पेटार्ड’ने जर्मनांखेरीज इटली आणि जपानच्या पाणबुड्या बुडवण्यातही भाग घेतला. तिन्ही शत्रूंचा असा हिशेब चुकता करणारे जहाज विरळाच. फॅसन आणि ग्रेझियर यांना मात्र कबर नाही. टॅमवर्थ या ग्रेझियरच्या गावात २००२ साली तीन नांगरांचे स्मारक उभारले गेले, तिघांसाठी तीन.

फेब्रुवारी १९४५ मध्ये टॉमी सुट्टीवर इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील नॉर्थ शील्ड्स या आपल्या गावी आला होता. रात्री घराला आग लागली. धाकट्या बहिणीला बाहेर काढायला तो आत गेला आणि परत आला नाही. वय १८. त्याचे पदक राजाच्या हातून त्याच्या आईने घेतले. मुलाने शिडीवरून वर आणलेल्या त्या कागदांचे पुढे काय झाले, हे तिला सांगण्याची मुभा त्या दिवशी कोणालाच नव्हती.