वीस ऑफिसं, त्रेपन्न लाइनी

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतल्या एखाद्या दवाखान्याला ०७१२ लावून फोन करा. "अपॉइंटमेंटसाठी एक दाबा, रिपोर्टसाठी दोन दाबा" असं कुणीतरी सांगतं, तुम्ही एक दाबता आणि रिसेप्शनवरचा फोन वाजतो. पूर्वी हे काम करणारा डबा त्याच इमारतीत असायचा. जिन्याखाली नाहीतर रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर, धुळीत, तारांच्या गुंत्यासकट. सगळे त्याला ईपीएबीएक्स म्हणायचे आणि तो बिघडला की एक माणूस पक्कड-पाना घेऊन यायचा. आता बऱ्याच ठिकाणी टेबलावर नुसता फोन उरलाय आणि त्याला जोडलेली इंटरनेटची केबल. डब्याचं काम मुंबई-हैदराबादकडच्या एखाद्या डेटा सेंटरमधले सर्व्हर करतात. हे सर्व्हर एकट्या दवाखान्याचे नसतात. त्याच यंत्रांवर इतवारीतल्या कापड व्यापाऱ्याचा फोन चालतो, बुटीबोरीतल्या कारखान्याचा चालतो, एखाद्या कोचिंग क्लासचाही चालतो. यातल्या कुणालाच बाकीच्यांचा पत्ता नसतो.

अशा सामायिक व्यवस्थेत पैसे वाचतात कुठे? सर्व्हर स्वस्त पडतो म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. पण सर्व्हर तसाही काही फार महाग नाही. खरी बचत होते ती अनोळखी माणसं ठरवून एकाच वेळी फोन करत नाहीत म्हणून. या धंद्याची सगळी कमाई एवढ्यावरच आहे. आणि ज्या दिवशी सगळे एकाच वेळी फोन उचलतात, त्या दिवसाची तयारी करण्यात या धंद्यातल्या लोकांचं आयुष्य जातं.

याचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. आग्नेर क्रारुप एरलांग हा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होता. टेलिफोन कॉल कसे येतात यावरचा त्याचा पहिला निबंध १९०९ चा. पुढे १९१७ मध्ये त्याने ते प्रसिद्ध सूत्र दिलं: तासाभरात बोलणं किती होतं आणि लाइनी किती आहेत हे सांगा, मी सांगतो किती जणांना 'लाइन बिझी' ऐकावं लागेल. फोनचा भार आजही त्याच्याच नावाने मोजतात. एक लाइन तासभर अखंड बोलण्यात गुंतली की तो एक एरलांग.

आता एक हिशेब मांडू. एका ऑफिसात सर्वांत गर्दीच्या तासाला चाळीस फोन येतात-जातात आणि प्रत्येक फोन सरासरी तीन मिनिटं चालतो. म्हणजे १२० मिनिटांचं बोलणं, दोन एरलांग. सरासरी पाहिली तर दोनच लाइनी गुंतलेल्या. पण फोन रांगेत येत नाहीत, कधी पाच मिनिटं शांतता आणि कधी एका दमात सहा. शंभरातल्या एकापेक्षा जास्त जणांना बिझी टोन ऐकू येऊ द्यायचा नसेल, तर एरलांगचं सूत्र सांगतं की सात लाइनी हव्यात. अशी वीस ऑफिसं आपापल्या लाइनी घेऊन बसली तर झाल्या १४०.

हीच वीस ऑफिसं लाइनींच्या एकाच सामायिक साठ्यावर आणली की भार होतो चाळीस एरलांग. त्याच शंभरात एकाच्या अटीवर आता लाइनी किती लागतील? त्रेपन्न. १४० ऐवजी ५३. एकाची गर्दी असते तेव्हा दुसऱ्याकडे शांतता असते, आणि ऑफिसं जितकी जास्त तितके हे चढउतार एकमेकांत मुरतात. पूर्वी प्रत्येक लाइन तासातला तीस टक्क्यांहूनही कमी वेळ कामात होती, आता पंचाहत्तर टक्के असते.

मात्र हिशेब इथेच थांबवला तर विक्रेत्याचं माहितीपत्रक होईल. समजा एखाद्या दिवशी भार वीस टक्क्यांनी वाढला. स्वतःच्या सात लाइनी असलेल्या ऑफिसला ते जाणवतही नाही, बिझी टोन अजूनही शंभरातल्या एकाहून कमी जणांना. सामायिक त्रेपन्न लाइनींवर मात्र तोच वीस टक्के वाढीव भार शंभरातल्या पाच-सहा जणांना परत पाठवतो. सात लाइनीवाल्याकडे पडून असलेली जागा हीच त्याची गादी होती. आपण काटकसर केली ती नेमकी त्या गादीत. शिवाय एरलांगचं हे सूत्र असं धरून चालतं की लाइन बिझी लागली की माणूस गप बसतो. आपल्याकडे कोण गप बसतं? लगेच रिडायल, पुन्हा रिडायल. भार वाढला की प्रयत्न वाढतात, आणि प्रयत्न वाढले की भार.

म्हणून साठ्यात कोणकोणती गिऱ्हाइकं घ्यायची हा मला तांत्रिक प्रश्नांइतकाच मोठा वाटतो. कळमन्याच्या बाजारातल्या अडत्याची धावपळ सकाळी, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटची संध्याकाळी, हॉटेलवाल्याची जेवणाच्या वेळेला. असे तिघं एकत्र आले की छान जमतं. वीसच्या वीस कोचिंग क्लास घेतले तर बारावीच्या निकालाच्या दुपारी तो साठा कागदावरच राहतो, कारण विसांचे फोन एकाच कारणाने वाजतात. आणि काही दिवस असे येतात की कितीही विविधता असू दे, उपयोग नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. अशा सकाळी गॅरेज, विमा एजंट, दवाखाना, शाळा, इलेक्ट्रिशियन या सगळ्यांना एकाच तासात फोन जाणार, हे कळायला गणित लागत नाही. एरलांगच्या सूत्रात फोन करणाऱ्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. पाऊस तो संबंध जोडून देतो.

आता यंत्रांकडे वळू. इंटरनेटवरच्या फोनमध्ये दोन कामं वेगवेगळी चालतात. कोण कुणाला फोन करतोय, फोन वाजतोय का, उचलला का, ठेवला का, ही बोलणी एसआयपी नावाच्या नियमावलीने होतात. तिची आज चालणारी आवृत्ती २००२ ची. हे साधे मजकुराचे निरोप असतात, एका कॉलला मोजकेच. आवाजाचं काम वेगळं. नेहमीच्या पद्धतीत सेकंदाला आठ हजार नमुने घेतात, वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचं एक पाकीट पाठवतात. म्हणजे एका दिशेला सेकंदाला पन्नास पाकिटं. सर्व्हर मध्ये बसला की दोघांकडून पन्नास-पन्नास घेतो आणि दोघांना पन्नास-पन्नास देतो. एका कॉलला दोनशे, शंभर कॉलना वीस हजार पाकिटं दर सेकंदाला.

इंटरनेटच्या वेगाच्या मानाने हे काहीच नाही, शंभर कॉलची ही सगळी पाकिटं चाळीस मेगाबिटच्या आत बसतात. अडचण वक्तशीरपणाची आहे. व्हिडिओ पाहताना पाकीट उशिरा आलं तर चक्र फिरतं आणि आपण थांबतो. बोलताना थांबता येत नाही, उशिरा आलेलं पाकीट फेकून द्यावं लागतं आणि आवाज तुटतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार तोंडापासून कानापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचला तर संभाषण सहज वाटतं. काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे दोनशे किलोमीटर जातो, त्यामुळे नागपूर-मुंबई अंतराचे जेमतेम चार-पाच मिलिसेकंद. सीताबर्डीतून धरमपेठेत केलेला फोन मुंबईला वळसा घालून आला तरी कळत नाही, कारण अंतर फारसं आडवं येत नाही. आडवं येतं ते सर्व्हरच्या प्रोसेसरवर भलतंच काम चालू असणं: कुणीतरी महिन्याभराची रेकॉर्डिंग डाऊनलोड करतंय, कुठे बॅकअप चाललाय. म्हणून जाणकार लोक आवाज हाताळणारी यंत्रं वेगळी ठेवतात, निरोप वाटणारी वेगळी आणि डेटाबेस वेगळा. पुढे निरोपे, मागे आवाजाचे सर्व्हर. कॉल वाढले की मागे आणखी एक यंत्र जोडायचं.

कामाइलिओ, अ‍ॅस्टेरिस्क, फ्रीस्विच ही या कामातली मोफत आणि खुली सॉफ्टवेअर. अ‍ॅस्टेरिस्क १९९९ मध्ये मार्क स्पेन्सरने लिहायला घेतलं आणि ईपीएबीएक्सच्या डब्याची सद्दी संपायला तिथून सुरुवात झाली.

एकाच यंत्रावर पन्नास गिऱ्हाइकं म्हटलं की पहिला घोळ एक्स्टेंशनचा, म्हणजे ऑफिसातल्या आतल्या नंबरांचा. प्रत्येकालाच रिसेप्शनला १०१ हवा असतो. त्यामुळे सर्व्हरच्या दृष्टीने १०१ असा नंबरच नसतो, असतो तो 'अमुक दवाखान्याचा १०१'. प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःचं डोमेन-नाव देतात, आणि फोन, व्हॉइसमेल, रेकॉर्डिंग, सुट्ट्यांची यादी या सगळ्यावर तो शिक्का असतो. एखाद्या जागी शिक्का मारायचा राहिला की कापड दुकानातून १०१ दाबल्यावर दवाखाना उचलतो. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही, कारण त्याच वाटेने एकाची रेकॉर्डिंग दुसऱ्याला ऐकू जाऊ शकते.

रोजची तक्रार मात्र वेगळीच असते. फोन लागतो, समोरचा उचलतो, आणि मग: "हॅलो, माझा आवाज येऊन राहिला का? तुमचा नाही येऊन राहिला." एकतर्फी आवाज. ऑफिसातल्या फोनला राउटरने १९२.१६८.१.२५ असा घरगुती पत्ता दिलेला असतो. कॉल जोडताना फोन इमानदारीने तोच पत्ता निरोपात लिहून पाठवतो: माझा आवाज इथे पाठवा. बाहेरच्या जगात या पत्त्याला काही अर्थ नाही, लाखो घरांत हाच पत्ता आहे. सर्व्हरने डोळे झाकून तिकडे पाकिटं पाठवली की ती हवेत जातात. उपाय असा की सर्व्हरने निरोपातल्या पत्त्यावर विश्वास ठेवायचा नाही, पाकीट प्रत्यक्षात ज्या पत्त्यावरून आलं तिकडेच उत्तर पाठवायचं.

साठ्यातली सगळी यंत्रं सारखी, कुठलाही कॉल कुठेही टाका, हे तत्त्व साध्या कॉलला चालतं. रांगेला चालत नाही. "आपला क्रमांक तिसरा आहे" असं सांगणारी रांग एका सर्व्हरच्या मेमरीत असते. त्याच दवाखान्याचा पुढचा कॉल दुसऱ्या सर्व्हरवर गेला तर तिथे त्याची दुसरीच रांग लागते आणि दोघांनाही पहिला क्रमांक मिळतो. कॉन्फरन्सचंही तसंच, निम्मी माणसं एका खोलीत, निम्मी दुसऱ्या, आणि दोन्हीकडे "कुणी आलं नाही का अजून?" म्हणून एक गिऱ्हाईक एका वेळी एकाच सर्व्हरला बांधतात आणि तो पडला तर कुठे न्यायचं हे आधीच ठरवून ठेवतात. इथे यंत्रांच्या संख्येचा फायदा होतो. दोनच असतील तर प्रत्येक निम्म्याहून जास्त भरता येत नाही, पाच असतील तर ऐंशी टक्क्यांपर्यंत भरता येतं. दुरुस्तीसाठी यंत्र काढायचं तर त्याला नवे कॉल देणं बंद करायचं आणि चालू असलेले संपेपर्यंत वाट पाहायची. रात्री दोन वाजताही इस्पितळाचा एखादा कॉल अर्धा तास चालतो, आणि तोपर्यंत अपडेट लावायला बसलेला माणूस जागा.

लाइट जाणं-येणं हा आपला खास विषय. प्रत्येक फोन ठरावीक काळाने, समजा तासाने, सर्व्हरकडे हजेरी लावतो. पाच हजार फोन असतील तर सेकंदाला एक-दोन हजेऱ्या, काहीच भार नाही. हिंगणा एमआयडीसीत लाइट गेली आणि अर्ध्या तासाने आली की त्या भागातले सगळे फोन एकदम चालू होतात आणि एकाच मिनिटात हजेरीला येतात. सर्व्हरला उत्तर द्यायला उशीर झाला तर फोन पुन्हा विचारतात, म्हणजे परत रिडायलचाच प्रकार, फक्त यंत्रांनी केलेला. त्यावर दोन इलाज आहेत. सर्व्हरने भार वाढताच "इतक्या सेकंदांनी या" असं स्पष्ट सांगायचं, आणि फोनमध्ये अशी सेटिंग करायची की चालू झाल्यावर प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबावं. दुसरा इलाज म्हणजे एरलांगला लागणारी बेशिस्त मुद्दाम निर्माण करणं.

आणि रात्रीचे चोर. इंटरनेटवर उघडा एसआयपी सर्व्हर दिसला की आपोआप चालणारे प्रोग्रॅम १०१, १०२ अशी नावं आणि सोपे पासवर्ड लावून पाहतात. १०१ ला पासवर्डही १०१ असेल तर शनिवारी रात्री आत शिरून परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल सुरू होतात, आणि एका गिऱ्हाइकाच्या हलगर्जीमुळे सगळा साठा भरून जातो. म्हणून प्रत्येकाला मर्यादा हवीच: एका वेळी इतकेच कॉल, सेकंदाला इतकेच नवे, परदेशी कॉल मागितल्याशिवाय बंद. मर्यादा घातली की गिऱ्हाईक कुरकुरतं, हे खरं. पण शेजारच्याने सगळ्या लाइनी खाल्ल्या म्हणून जो कुरकुरतो, त्याचं समाधान करणं जास्त अवघड.

मग वीस ऑफिसांसाठी लाइनी घ्यायच्या किती? मी त्रेपन्नवर थांबणार नाही. पीआरआय म्हणजे टेलिफोन कंपनीकडून एका केबलवर येणारा लाइनींचा जुडगा. एका पीआरआयमध्ये तीस चॅनल, म्हणजे तीस लाइनी येतात, दोन घेतल्या की साठ. मघाचा वीस टक्के वाढीव भार साठ लाइनींवर शंभरातल्या एक-दोघांनाच परत पाठवतो. या दोन पीआरआय दोन वेगळ्या कंपन्यांच्या हव्यात, आणि त्यांच्या केबल इमारतीत दोन वेगळ्या बाजूंनी यायला हव्यात, कारण सिमेंट रोडसाठी खोदणारा जेसीबी कंपनी बघून केबल तोडत नाही. एक तुटली तर उरलेल्या तीस लाइनींवर चाळीस एरलांग, म्हणजे दहातल्या तिघांना बिझी टोन. बाकी सात जण बोलत राहतात.