बरोबरीचा असेल तोच खरा प्रतिस्पर्धी? एक खुलासा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल (सॉकर नव्हे, चेंडू हातात घेऊन धावायचा अमेरिकी खेळ) एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: दोन्ही संघ तुल्यबळ असतील, जय-पराजय निम्मेनिम्मे असतील, तरच ती खरी चुरस. हे साफ चूक आहे.

नोत्र दाम विद्यापीठ आणि नेव्ही, म्हणजे अमेरिकी नौदलाच्या अकादमीचा संघ, यांचंच बघा. 1927 पासून 2019 पर्यंत हे दोघे एकही वर्ष न चुकता खेळले. त्यात 1964 ते 2006 नेव्ही सलग 43 वेळा हरलं! तरी सामना सुरूच राहिला, कारण नातं मैदानाबाहेरचं होतं. दुसऱ्या महायुद्धात विद्यार्थी घटले, तेव्हा नौदलाने नोत्र दाममध्ये अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण सुरू केलं आणि विद्यापीठ तगलं. ते उपकार तिथे आजही मानतात.

आणि मग 2007. तिसरा जादा डाव, नेव्ही 46, नोत्र दाम 44. बरोबरीसाठी नोत्र दामला हवे होते दोनच गुण. चेंडू घेऊन धावणाऱ्याला नेव्हीच्या बचावफळीने गोलरेषेच्या अलीकडेच आडवं केलं. 44 वर्षांनी विजय! एवढ्या पराभवांनंतर मिळालेला हा एक विजय मला तरी कुठल्याही निम्म्यानिम्म्या हिशेबापेक्षा मोठा वाटतो.

सामना संपला की दोन्ही संघ एकत्र उभे राहून एकमेकांच्या संस्थेचं गीत ऐकतात.