जी-सूट : परीक्षानळीपासून सुखोईपर्यंत

नोव्हेंबर २००९ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील वयाच्या ७४ व्या वर्षी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० मधून फेरी मारून आल्या. नेहमीच्या साडीऐवजी जी-सूट घातलेला त्यांचा फोटो अनेकांना आठवत असेल. या पोशाखाची कुळकथा मात्र विमानतळावर नाही, कर्करोगाच्या प्रयोगशाळेत सुरू होते.

लढाऊ विमान झपकन वळलं की वैमानिक गोफणीतल्या दगडासारखा बाहेर रेटला जातो. हा जोर ‘जी’मध्ये मोजतात; १ जी म्हणजे पृथ्वीची नेहमीची ओढ. ५ जी म्हणजे ७० किलोच्या माणसाचं वजन ३५० किलो. रक्तही तितकंच जड होतं, पायांकडे उतरतं, आणि ते फूटभर वर मेंदूपर्यंत चढवताना हृदयाची दमछाक होते. आधी रंग फिके पडतात, मग कडेचं दिसेनासं होतं, मग डोळ्यांपुढे अक्षरशः अंधार. गंमत अशी की या क्षणी माणूस शुद्धीवर असतो. डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असल्यामुळे रक्त तिथे आधी अडतं, मेंदू नंतर बंद पडतो. १९२० च्या दशकात श्नायडर ट्रॉफीच्या विमानशर्यतींत वैमानिकांना वळणावर हा अनुभव येऊ लागला होता.

टोरंटो विद्यापीठात विल्बर फ्रँक्स कर्करोगावर संशोधन करत होते. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरागरा फिरवणाऱ्या यंत्रात, काचेच्या नळ्या फुटायच्या. बाहेरून द्रवाचा आधार दिल्यावर त्या टिकल्या. मग त्यांनी पाणी भरलेल्या निरोधात उंदीर ठेवून फिरवले, डोकं तेवढं बाहेर. उंदीर १०० जीच्या वर जाऊनही जगले. पुढची पायरी माणसाची. पाण्याचा सूट शिवून १९४० मध्ये फ्रँक्स स्वतःच विमानात बसले. पण माप घेतलं होतं उभं असताना, आणि विमानात बसावं लागतं! वळणावर दाब आला तेव्हा सूट आपले दोन तुकडे करतो की काय, असं त्यांना वाटलं.

नोव्हेंबर १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या मोहिमेत ब्रिटिश नौदलाच्या वैमानिकांनी हा सूट वापरला. पण पाण्याचा सूट जड, त्यात उकाडा. सिडनीत फ्रँक कॉटन हवेच्या सूटवर काम करत होते, अमेरिकेत मेयो क्लिनिकचे संशोधक. शिवणकामाला तिथे पुढे आल्या त्या बायकांची अंतर्वस्त्रं शिवणाऱ्या कंपन्या. साहजिकच आहे; अंगाला घट्ट बसेल पण काचणार नाही असं कापड बेतणं त्यांच्याइतकं कुणाला जमणार? १९४४ मध्ये हवेचे सूट घालून अमेरिकन मस्टँग लढाऊ विमानांचे वैमानिक लढत होते.

आजही मूळ रचना तीच. पोटावर एक, मांड्यांवर दोन, पोटऱ्यांवर दोन अशा हवेच्या पिशव्या. जी वाढला की व्हॉल्व आपोआप उघडतो आणि इंजिनाकडची हवा त्यांत शिरते; पाय-पोट आवळले जातात आणि रक्त खाली उतरायला अडतं. पण नुसत्या सूटने जेमतेम एक-दीड जी जास्त सोसता येतो. बाकीचं काम वैमानिकाचं : पाय-पोट ताणायचं, श्वास कोंडायचा, दर तीनेक सेकंदांनी झटक्यात सोडून पुन्हा घ्यायचा. बंगळूरच्या हवाई वैद्यक संस्थेतल्या, माणसाला बसवून फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये आपले वैमानिक हेच घोटवून घेतात.

उतरल्यावर कधीकधी हातांवर गोवरासारखे बारीक लाल ठिपके दिसतात. हातांना सूट नसतो ना.